नंदी माहेरी राहिला

महादेवाच्या देवळात गेल्यावर आपण बायका आधी काय करतो? चपला काढायच्या, पदर सावरायचा आणि थेट नंदीपाशी जायचं. त्याच्या शिंगांवर अंगठा आणि बोट टेकवून मधून पिंड बघायची. मग इकडेतिकडे बघत त्याच्या कानात जे काय सांगायचं ते सांगून टाकायचं. देव समाधीत. त्याला उठवायचं कसं? नंदी मात्र जागा असतो, निरोप पोचवतो. निदान आपला तरी तसा विश्वास!

म्हणून खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात शिरल्या शिरल्या आमच्या भिशीतल्या धाकटीनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, "अगं, नंदी कुठाय?"

नंदी नव्हताच. समोर नाही, बाजूला नाही, मागेही नाही. एवढं मोठं महादेवाचं देऊळ, आणि नंदीच नाही!

आम्ही जयसिंगपूरच्या नऊजणी. दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे गेले की भिशीतल्या बायकांची एक सहल ठरलेली असते. जीप ठरवायची, नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन घ्यायचं, पेढे आणि कवठाची बर्फी बांधून घ्यायची आणि दिवेलागणीला घरी. गेल्या कार्तिकात मात्र कुणीतरी म्हणालं, दरवेळी वाडीच का? पुढं खिद्रापूर आहे, जन्म शिरोळ तालुक्यात गेला आणि ते देऊळ बघितलं नाही म्हणजे काय! खरंच होतं. लांबलांबून, पुण्या-मुंबईहून लोक कॅमेरे घेऊन येतात आणि आम्ही इथल्या इथं राहून गेलो नव्हतो. घराजवळच्या गोष्टीचं असंच होतं.

आमच्याबरोबर माझ्या थोरल्या जाऊबाईही होत्या. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. साठीच्या घरातल्या. त्या भिशीत नाहीत, पण त्या दिवशी मीच ओढून नेलं. दोनच दिवसांपूर्वी भाऊबीज झाली होती आणि दरवर्षीसारखं त्या दिवशी आक्कांनी डोकं दुखतंय म्हणून दुपारीच अंथरूण धरलं होतं. त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. ते पुढं सांगते.

कुरुंदवाडवरून खिद्रापूरचा रस्ता उसाच्या रानांतून जातो. सैनिक टाकळी लागली. तिथल्या घराघरांतली माणसं फौजेत. मग कृष्णेचा काठ आला आणि गावाच्या वस्तीतच, अगदी घरांना लागून, ते काळं देऊळ. कोल्हापूरहून आलात तर साठेक किलोमीटर पडेल. पलीकडं लगेच कर्नाटकची हद्द.

बाहेरून बघितलं तर देऊळ फारसं उंच वाटत नाही. आत पाऊल टाकलं की मग कळतं. आपण एका गोल मंडपात येतो आणि वर बघतो तर छत नाही! मोडलेलं, पडलेलं असं नाही. अगदी कंपासनं आखावं तसं गोल भगदाड ठेवलेलं, आणि त्यातून निळं आभाळ. याला म्हणतात स्वर्गमंडप. ४८ खांब आहेत. मधल्या गोलाच्या कडेनं बारा, मग त्यांच्या बाहेर बाकीचे. वरच्या गोलाच्या बरोबर खाली तेवढीच, तेरा फुटांच्या आसपास रुंदीची एक अखंड गोल शिळा जमिनीत बसवलेली. छताच्या कडेला आतून कार्तिकेय आणि आठ दिशांचे दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेत. कुणी म्हणतं, खाली होम व्हायचे, त्यांचा धूर जायला ही जागा ठेवली. कुणी म्हणतं, बांधकामच अपुरं राहिलं. मला तरी ते अपुरं वाटलं नाही. इतक्या नेमकेपणानं कुणी काही अर्धवट सोडत नाही.

कार्तिक पौर्णिमेच्या रात्री इथं मोठी गर्दी होते. मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र बरोबर त्या गोलावर येतो आणि खालची शिळा चांदण्यानं भरून जाते. अलीकडं त्या रात्री देवळात पणत्याही लावतात. आम्ही गेलो दुपारी, तेव्हा उन्हाचा गोल तुकडा शिळेच्या मध्यावर नव्हता, एका बाजूला सरकून खांबांवर चढलेला होता. धाकटीनं लगेच शंका काढली, "चंद्र मधोमध येतो तर सूर्य का नाही येत?" देवळात बसलेल्या एका आजोबांनी छान समजावलं. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे सूर्याच्या अगदी समोरच्या बाजूला. सूर्य खाली तर हा वर. म्हणून कार्तिकातला चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. बांधणाऱ्यांनी हे सगळं बघून, मोजून केलं असणार. आपण मात्र कॅलेंडरवर तिथी बघितली की झालं.

स्वर्गमंडपातून पुढं सभामंडप. तिथं खांबांची दाटी. एकेक खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्याच्या वर गोल. आणि गुळगुळीत किती! चरकावर धरून घासल्यासारखे. एका खांबावर हात ठेवून आमच्यातली एक म्हणाली, "माझ्या ओट्याचा कडाप्पासुद्धा इतका गुळगुळीत नाही!" सगळ्या हसल्या, आणि त्या काळोखात हसण्याचा आवाज बराच वेळ घुमत राहिला.

हा सगळा दगड काळा बसाल्ट. गावात तसा दगड मिळत नाही. सह्याद्रीकडून नदीतून नावेनं आणला असावा असं सांगतात. देऊळ बांधलं कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळात, बाराव्या शतकात. गंडरादित्य राजाचं नाव घेतात. पुढं देवगिरीच्या यादवांनी लक्ष घातलं. इथं बरेच शिलालेख आहेत आणि त्यातले बहुतेक जुन्या कन्नडमध्ये आहेत. यादव राजा सिंघण याचा मात्र संस्कृतात आहे, शके ११३६ चा. म्हणजे इसवी सन १२१३-१४. त्यात देवाच्या पूजेअर्चेसाठी दान दिल्याचं लिहिलंय. आपल्याकडं जुनं काळं देऊळ दिसलं की 'हेमाडपंती' म्हणून मोकळं व्हायचं, ही एक सवयच. पण हेमाद्रीपंत यादवांकडं कारभारी झाले ते या लेखानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी. तेव्हा या देवळाचं श्रेय त्यांना देऊन चालत नाही! आणि त्याच्याही आधी, १०५४ साली, चोल आणि चालुक्यांची कोप्पमची मोठी लढाई झाली. चोलांचा राजा राजाधिराज त्यात हत्तीवर बसल्या जागीच मारला गेला. ते कोप्पम म्हणजे हेच गाव, असं अनेक अभ्यासक मानतात.

हत्तीवरून आठवलं. देवळाला बाहेरून फेरी मारा. पायाशी सगळीकडं हत्तीच हत्ती, नव्वदाच्या वर. खांद्याला खांदा लावून उभे. त्यांच्या पाठीवर देव बसलेत आणि त्यांच्याही वर सगळं देऊळ. एकालाही धड सोंड राहिलेली नाही. कुणीतरी मुद्दाम फोडल्यात. औरंगजेबाच्या फौजेनं फोडल्या, असं गावात सांगतात. सोंडा गेल्या, तरी एकही हत्ती जागचा हललेला नाही. आक्का एका हत्तीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "थोरल्या सुनंगत दिसतोय!" त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

वर भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. कुणी नाचतेय, कुणी नटतेय. त्यांचे केसांचे अंबाडे बघावेत, गळ्यातले हार बघावेत. पंचतंत्रातल्या गोष्टीही आहेत म्हणतात, पण शोधायला वेळ हवा आणि बरोबर माहीतगार हवा. बऱ्याच मूर्तींची तोंडं फुटलीत. कृष्णेच्या काठचं गाव. २००५, २०१९, २०२१ असे महापूर आमच्या तालुक्यानं बघितलेत. आठशे वर्षांत या दगडांनी किती बघितले असतील!

गाभाऱ्यात गेलो. आत काळोख आणि गारवा. समईच्या उजेडात नीट बघितलं तर पिंडी एक नाही, दोन आहेत! एक कोपेश्वर, म्हणजे महादेव. दुसरा धोपेश्वर, म्हणजे विष्णू. विष्णू पिंडीच्या रूपात असं कुठं बघितलंय का? पाया आधी धोपेश्वराच्या पडायचं आणि मग कोपेश्वराच्या, अशी पद्धत सांगतात. कारण विचारलं तर तीच गोष्ट पुढं येते, जिच्यात नंदीचंही उत्तर आहे.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, पण पुन्हा एकदा ऐकाच. सती ही दक्ष प्रजापतीची लेक. तिनं आपल्या मनानं महादेवाला वरलं, आणि अंगाला राख फासणारा, स्मशानात राहणारा जावई बापाला काही पसंत पडला नाही. दक्षानं मोठा यज्ञ मांडला. सगळ्या लेकी, सगळे जावई, झाडून सारे देव बोलावले. एकाच लेकीला आणि एकाच जावयाला बोलावणं नाही. आकाशातून नटूनथटून विमानांतून निघालेल्या बायका सतीनं बघितल्या आणि विचारलं, कुठं चाललात गं? तिच्याच माहेरी चालल्या होत्या त्या!

महादेव म्हणाले, बोलावणं नाही, जाऊ नकोस, अपमान होईल. त्यावर सतीनं दिलेलं उत्तर भागवतात आहे. बापाच्या घरी जायला बोलावणं कशाला लागतं? ती हट्टानं निघाली. तेव्हा महादेवाच्या गणांनी तिला नंदीवर बसवलं आणि तिच्याबरोबर गेले. यज्ञाच्या मांडवात ती पोचली तर आई आणि बहिणी तेवढ्या पुढं आल्या, त्यांनी जवळ घेतलं. बाकी दक्षाच्या धाकानं कुणी बोललं नाही. बापानं तर बघितलंसुद्धा नाही. वर भरल्या मांडवात नवऱ्याची निंदा. तिनं तिथंच देह टाकला. लोक सांगतात, यज्ञकुंडात उडी घेतली.

महादेवाला कळलं. त्यानं जटा आपटली, त्यातून वीरभद्र निघाला आणि दक्षाचं मुंडकं उडालं. पुढं देवांनी विनवलं म्हणून बोकडाचं डोकं लावून दक्षाला उठवलं, तो भाग वेगळा. पण महादेवाचा कोप काही शमेना. मग विष्णूनं त्याला इथं, कृष्णेच्या काठी आणून समजावलं आणि शांत केलं. कोपलेला तो कोपेश्वर, आणि समजूत घालणारा त्याच्या शेजारी बसला. म्हणून पाया पडायचं ते आधी समजूत घालणाऱ्याच्या.

आणि नंदी? तो सतीला घेऊन तिच्या माहेरी गेला होता. परत आलाच नाही. दक्षाचा यज्ञ झाला ती जागा म्हणजे यडूर, इथून जवळच, कर्नाटकात चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्याच काठावर. तिथं वीरभद्राचं मोठं देऊळ आहे आणि नंदीही आहे. त्याचं तोंड खिद्रापूरकडं आहे, असं सांगतात. 

आजोबांनी यडूरचं नाव घेतलं आणि मी आक्कांकडं बघितलं. त्यांचं माहेर यडूरच्याच अंगाला, तिथून पाच-सात मैलांवर. आमच्या भागात हद्दीच्या आरपार सोयरीक सर्रास होते. मराठी बोलणारी सून कन्नड सासरात आणि कन्नडातली मराठीत, दोन्ही भाषा दोन्हीकडं.

आक्कांचे वडील वारले तेव्हाची गोष्ट. बाराव्यानंतर भावानं कागद पुढं केला आणि म्हणाला, अंगठ्यासारखी सही कर. हक्कसोडपत्र. आक्का सातवी शिकलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वाचून दाखव, मग करते." जमीन मागितली नाही, हिस्सा मागितला नाही, नुसतं वाचून दाखव म्हणाल्या. लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क २००५ पासून देशभर आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हतं. भाऊ कागद घेऊन उठला. त्यानंतर अकरा वर्षं झाली. दिवाळी नाही, नागपंचमी नाही, भाच्याच्या लग्नाची पत्रिका नाही. लग्न झाल्याचं आक्कांना बाजारात एका ओळखीच्या बाईकडून कळलं. आई आहे अजून त्यांची, ऐंशी पार केलेली.

मी कितीदा म्हटलंय, आक्का, एकदा जाऊन तरी या. त्यांचं उत्तर ठरलेलं, "बोलावल्याबिगर मी कशाला जातो?" (आमच्याकडच्या बायका 'जातो-येतो'च म्हणतात, हसू नका.) आणि वर हीच सतीची गोष्ट. "न बोलावता गेली, काय झालं बघितलंस न्हवं?" 

आपल्याला सगळ्यांनाच ही गोष्ट अशीच सांगितलेली आहे. माझ्या आजीनं मला सांगितली, मीही माझ्या लेकीला कधीतरी सांगितलीच असेल. पण खिद्रापूरच्या त्या गाभाऱ्यात बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकली तेव्हा माझ्या मनात आलं, की यात शिक्षा कुणाला झाली? मुंडकं कुणाचं उडालं? न बोलावता आलेल्या लेकीला कुणी दोष दिलेला नाही, ना महादेवानं, ना विष्णूनं. दोष बोलावणं न करणाऱ्याचा. गोष्ट तीच, आपण मात्र तिच्यातून लेकीला धाक घालण्याचं काम काढून घेतलं. हे मी तिथंच आक्कांना बोलून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. पिंडीवर वाहिलेल्या बेलातलं एक पान गुरवानं हातावर ठेवलं, ते पदराच्या टोकाला बांधलं.

बाहेर येऊन आम्ही झाडाखाली डबे सोडले. दशम्या, शेंगांची चटणी, वाडीचे पेढे. गावात आदिनाथांची जुनी जैन बस्तीही आहे, शिलाहारांच्याच काळातली. ती बघू आणि निघू असं ठरलं होतं. इतक्यात आक्कांनी गाडीवाल्याला विचारलं, "इथनं यडूर किती लांब रं?"

सगळ्या गप्प. गाडीवाला म्हणाला, "लांब न्हाई मावशी. पर परतायला अंधार पडंल."

कुणी हिशेब केला नाही, कुणी घरचं काम काढलं नाही. आठजणींनी आठ घरी फोन केले.

यडूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पाट्या कन्नडमध्ये, बोलणं निम्मं कन्नड निम्मं मराठी. वीरभद्राच्या देवळात माणसांची ये-जा चालू होती. खिद्रापूरला गर्दी कॅमेरेवाल्यांची होती, इथं नवस फेडणाऱ्यांची. आम्ही वीरभद्राच्या पाया पडलो. दुपारपासून जिला शोधत होतो ती जागा अखेर सापडली आणि नऊजणी नंदीपाशी गोळा झालो. धाकटीनं त्याच्या कानात चटकन काहीतरी सांगून टाकलं. बाकीच्याही उरकून निघाल्या. आक्का सगळ्यांत शेवटी गेल्या. कानाशी तोंड नेऊन त्या बराच वेळ उभ्या होत्या. आम्ही लांब जाऊन थांबलो.

बाहेर एक म्हातारी नारळ विकत बसली होती. आक्का पुढं झाल्या तशी तिनं डोळे बारीक केले. आधी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि मग मराठीत, "तू त्या वरच्या गल्लीतली थोरली लेक न्हवं?" ती आक्कांच्याच गावची निघाली. लग्नात तिनं हळद दळली होती म्हणे. अकरा वर्षांत का आली नाहीस, असं तिनं विचारलं नाही. गावात तेही ठाऊक असणारच. एवढंच म्हणाली, "म्हातारी रोज संध्याकाळी दारात बसती. आता जाशील तर भेटंल."

आक्कांनी नारळाचे पैसे काढले. म्हातारीनं त्यांचा हात मागं सारला, कमरेच्या पिशवीतून मूठभर तांदूळ काढले आणि नारळासकट त्यांच्या पदरात घातले. माहेरवाशिणीची ओटी भरतात तशी. तिथंच, रस्त्यावर.

गाडीवाल्यानं गाडी वळवली. जयसिंगपूरच्या दिशेला नाही, दुसऱ्या. आक्का पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर नारळ आणि हात त्याच्यावर घट्ट धरलेले. वाट त्याच सांगत होत्या, डावीकडं घे, आता सरळ, त्या चिंचेपाशी हळू कर.